मिलानवालीचे डाग

आयुष्यभर मी दुसऱ्यांची पानं साफ केली, आणि आता कुणी "किती स्वच्छ आहे हो!" म्हणालं की मी आधी दचकते. सून हसते. म्हणते, "आई, ओटा पुसून घ्या, मग निवांत दचका." तिला गंमत वाटते. वाटू दे. तिनं ती कोरी पानं पाहिलेली नाहीत. मी पाहिलीत.

माझी शाळा आठवीत सुटली. पुढचं जे काही आलं ते एका छापखान्यात, खिळे जुळवता जुळवता. खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं. एकेक उचलून ओळ लावायची, तीही आरशात दिसावी तशी उलटी. लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, मंडळांच्या पावत्या, सगळं या बोटांखालून गेलं. मग कॉम्प्युटर आला आणि मालकांनी एका दुपारी सगळे खिळे भंगारवाल्याला वजनावर देऊन टाकले. चाळिशी उलटल्यावर मी विश्रांतवाडीतल्या एका क्लासमध्ये माझ्या पोराच्या वयाच्या मुलांशेजारी बसून माउस धरायला शिकले. तळव्याला इतका घाम यायचा की दर दोन मिनिटांनी तो पदराने पुसायची. मास्तर म्हणायचे, "मावशी, उंदीर आहे तो, बाळ नाही."

तेव्हा पेपरात काचेच्या इमारतींचे फोटो यायचे. पुणे आता आयटीचं शहर होणार म्हणायचे. आमचं आयटी विश्रांतवाडीतच एका फरशीच्या दुकानावरच्या मजल्यावर होतं. खाली दिवसभर फरशी कापायचा आवाज, वर एसी, आणि एसीखाली मे महिन्यातही स्वेटर घालून बसलेल्या आम्ही सगळ्या बायका. मशीनला धूळ चालत नाही म्हणून चपला दाराबाहेर. एखाद्या लग्नघराबाहेर असाव्यात तशा.

काम काय ते सांगते. परदेशातल्या ग्रंथालयांना जुनी मासिकं, जर्नलं कॉम्प्युटरवर हवी असायची. तिकडे मजुरी परवडत नाही, म्हणून पेट्या आमच्याकडे यायच्या. बबनकाका आमचे कटर, मूळचे बाइंडर. ते अंकाची पाठ, म्हणजे शिवलेली बाजू, मशीनवर सरळ कापायचे. अंक सुटा झाला की पानं स्कॅनरमधून जायची आणि आमच्या पडद्यावर यायची. मग आमचं क्लीनअप. नियम तीनच. वाकडं असेल ते सरळ करा. डाग असेल तो काढा. कोरं पान असेल ते वगळा. सगळं झालं की सीडी परदेशी. मधे एक तिकडचीच कंपनी होती, कामं गोळा करून आम्हाला देणारी. तिनं सीडी पास केली की सुटे कागद रद्दीत. हाही तिचाच नियम, सगळ्या पेट्यांना एकच.

एकदा पक्ष्यांवरच्या जर्मन मासिकात शंभर वर्षांपूर्वीचा चिरडलेला डास निघाला होता, रक्तासकट. आम्ही त्यालाही पडद्यावरून पुसला. जर्मनीतल्या कुणाचं ते रक्त असेल, असा विचारही मनात आला नाही.

आमच्यात सगळ्यात तरबेज कल्पना. तिची आई पालिकेच्या झाडूखात्यात होती. कल्पना म्हणायची, "आयांनी रस्ते झाडले, आम्ही पानं झाडतो. फरक एवढाच, की आम्ही बसून झाडतो." तिच्या हातून निघालेलं पान असं दिसायचं की त्याला कधी माणूस शिवलाच नसावा. शिवणं हा शब्द आमच्या घरांत जपून वापरतात, पण इथे दुसरा बसत नाही. महिन्याच्या शेवटी चुका मोजत, तेव्हा कल्पनाच्या नावापुढे काहीच नसायचं. आमचे मॅनेजर नितीनसर, तिशीतला इंजिनिअर मुलगा, सगळ्यांना म्हणायचे, "कल्पनासारखं क्लीन पाहिजे. बेंचमार्क आहे तो."

आणि मग एके दिवशी ती पेटी आली.

तिच्यात इटलीतलं एक कलेचं मासिक होतं, युद्धानंतर तिथल्या काही तरुण पोरांनी काढलेलं. नाव आमच्या कुणाच्याच जिभेवर बसेना. मिलानहून आलेली म्हणून हॉलमध्ये तिचं नाव पडलं 'मिलानवाली'.

पहिला अंक पडद्यावर आला आणि मला वाटलं, कुणीतरी छापखान्यातली वाया गेलेली पानं पाठवली. कविता पानाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे घसरत गेलेली. काही अक्षरं डोक्यावर उभी. एका पानाला मधोमध भोक, त्यातून पुढच्या पानावरचा डोळा दिसतोय. एक पान नुसतं काळं. अहो, मी खिळे जुळवलेली बाई! आमच्याकडे एक ओळ केसभर वर गेली तरी फोरमन सगळ्यांसमोर खरडपट्टी काढायचा. हे पान कुणी मुद्दाम असं लावलं असेल, हे माझ्या डोक्यात शिरेना.

"सर, हे असंच ठेवायचं का?" मी विचारलं.

"सुमनताई, नियम काय आहे?"

"वाकडं ते सरळ."

"मग?"

मग काय. आम्ही मिलानवालीला सरळ केली. घसरणारी कविता एका रेषेत बसवली. उलटी अक्षरं सुलटी केली. पोरी म्हणाल्या, "बिचारीला कुणी वळणच लावलं नव्हतं."

शेवटच्या अंकांपैकी एक कल्पनाकडे गेला. त्यात अक्षर नव्हतंच. जाडसर, सायीच्या रंगाचा कागद आणि प्रत्येक पानावर काळपट तेलकट डाग. बहुतेक कापलेल्या कडेला, काही आत. कल्पना म्हणाली, "ताई, मेकॅनिकने हात पुसलेत बघा." एकेक डाग काढत तिनं सगळा अंक लख्ख केला. मग पानं कोरी झाली. कोरं पान वगळा हा नियम; तिनं वगळली. अख्खा अंक वगळला गेला. वरून शेरा आला, शून्य चुका. सीडी गेली, पास झाली. डिस्कवर जागा नसायची, म्हणून मूळ स्कॅन पुसले गेले. कागद पोत्यात गेले.

काही आठवड्यांनी मेल आला. फाबियो नावाचे कुणी प्रोफेसर या मासिकाचा इतिहास लिहीत होते, पेटी त्यांनीच मधल्या कंपनीकडे दिली होती, कागद परत मिळतील अशा समजुतीनं. त्यांनी लिहिलं होतं, सगळ्या कविता तुम्ही रेल्वेच्या वेळापत्रकासारख्या का केल्यात? पण ते राहू दे, त्या अंकांच्या दुसऱ्या प्रती ग्रंथालयांत आहेत. एक अंक मात्र सीडीवर नाहीच. तो कुठे आहे?

नितीनसरांनी उत्तर दिलं, त्या अंकात सगळी पानं कोरी असल्याने नियमाप्रमाणे वगळली.

त्यावर मेल आला नाही. फोनच आला. सरांनी तो स्पीकरवर घेतला, म्हणून आम्हीही ऐकला. पलीकडचा माणूस इंग्रजीत एकच वाक्य परत परत म्हणत होता. सरांचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला. फोन ठेवून ते खुर्चीत बसले.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"ते डाग छापलेले नव्हते, ताई. ते खरे होते. एका माणसाच्या अंगठ्याचे. प्रत्येक प्रतीत त्याने स्वतः उमटवलेले. आणि उरलेली प्रत एकच होती."

"मग मूळ कागद पाठवू ना त्यांना!" कल्पना म्हणाली.

बबनकाकांनी डोक्यावरची टोपी काढली.

आम्ही तिघं, सर, काका आणि मी, तसेच उठून रद्दीवाल्याकडे गेलो. मोठं दुकान होतं, तागडी छताला टांगलेली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "साहेब, तो माल मिलला गेला. एव्हाना लगदा होऊन त्याचा पुठ्ठासुद्धा झाला असेल. चपलांचे खोके येतात ना, त्यात बघा." चेष्टा नव्हती हो त्याची. खरं तेच सांगत होता.

जानेवारीत फाबियो आले. एकटे नाही. बरोबर पांढऱ्या केसांची, काठी घेतलेली एक बाई. अंगठेवाल्या माणसाची बहीण, लुचिया. या वयात विमानात बसून ती फरशीच्या दुकानावरच्या आमच्या मजल्यावर आली होती, कारण तिला जागा बघायची होती. दारात चपलांची रांग पाहून तिनं काही न विचारता वाकून बूट काढले. सर धावले, "नो नो, मॅडम!" तिनं त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही.

ती इटालियनमध्ये बोलायची, फाबियो इंग्रजीत करायचे, सर मराठीत. तिचं एक वाक्य आमच्यापर्यंत यायला इतका वेळ लागायचा, की तोवर आम्ही तिच्या तोंडाकडेच बघत राहायचो. बरंच आधीच कळायचं.

"पानं कुणी साफ केली, विचारतायत," सर म्हणाले आणि घाईनं पुढे म्हणाले, "मी सांगतो, टीमने केली म्हणून."

"टीम कशाला?" कल्पना उभी राहिली. "मी केली."

लुचियाबाई तिच्या शेजारी येऊन बसल्या. दाखव म्हणाल्या, कसं करतेस ते. कल्पनानं दुसऱ्या कुठल्यातरी मासिकाचं पान उघडलं. त्यावर चहाचा डाग होता. माउस फिरला आणि डाग गेला. मागे खूणही राहिली नाही. बाईंनी तोंडावर हात ठेवला.

"इतकं सोपं असतं का, म्हणतायत," सर हळूच म्हणाले.

मग तिनं भावाची गोष्ट सांगितली. मासिक काढणाऱ्यांत तिघे शिकलेले होते, कवी आणि चित्रकार. चौथा हिचा भाऊ, मोटारींच्या गॅरेजात मेकॅनिक. काम सुटलं की तो तळघरात यायचा आणि अंक शिवायचा. शिवताना पान दाबून धरावं लागतं, म्हणून प्रत्येक अंकात शिवणीशेजारी त्याच्या तेलकट अंगठ्याचा ठसा. तिघे वैतागायचे. हात धुऊन ये म्हणायचे. धुतले तरी ते तेल जायचं नाही. शेवटी त्यांनी चेष्टेनं त्याला एक अख्खा अंक देऊन टाकला: घे, हा मनसोक्त घाण कर. त्यानं तो केला. पुढे गॅरेजात गाडी अंगावर पडून तो गेला. फोटो एकच, त्यातही मान वळवलेली. कबर आहे, पण तिथे त्याचं काय असतं? त्याच्या हाताचं म्हणून एवढंच उरलं होतं.

खालचा फरशी कापायचा आवाज नेमका थांबला होता.

आणि या शांततेत फाबियोंचे डोळे चमकायला लागले. ते उठून भराभर बोलू लागले. सर अडखळत आम्हाला सांगत होते. "ते म्हणतायत, हे फार सुंदर आहे... त्या चौघांना हेच हवं होतं... सगळं मोडणं, पुसणं. या मुलीने नकळत तो अंक पूर्ण केलाय. ते पुस्तकात तो कोराच छापणार आहेत. पुण्यात तयार झालेला शेवटचा अंक म्हणून. कल्पनाचं नाव घालून."

मला आधी वाटलं, सुटलो. रागावले नाहीत. मग मी लुचियाबाईंकडे पाहिलं.

त्या एकच वाक्य बोलल्या. फाबियो ते वाक्य इंग्रजीत करेनात. बाईंनी काठी आपटली, तेव्हा केलं. सरांनाही ते मराठीत आणायला जड गेलं.

"त्या म्हणतायत, ते तिघेही असंच सुंदर सुंदर बोलायचे. आणि धुणं मी धुवायचे."

मग त्या कल्पनाकडे वळल्या आणि तिचा हात हातात घेऊन बोलत राहिल्या. "त्याचे शर्ट, म्हणतायत. त्याचे रुमाल, उशीचे अभ्रे. त्याचे डाग मीही जन्मभर काढले, मुली. चांगलेच काढले, एकही ठेवला नाही. कागद धुता येत नाही, म्हणून एवढेच राहिले होते."

कल्पना रडली नाही. तिनं रडायला हवं होतं असं मला अजून वाटतं. ती नुसती दगडासारखी बसून राहिली, हात बाईंच्या हातात.

बाई उठायला निघाल्या. आधारासाठी टेबलावर हात टेकला. तिथे कल्पनाचं चालू काम होतं, कागदांचा गठ्ठा, आणि कुठवर झालंय ते कळावं म्हणून मधेमधे खोचलेल्या खुणेच्या पट्ट्या. बाईंची नजर एका पट्टीवर गेली. बोटभर रुंद, सायीच्या रंगाची. त्यांनी ती ओढून काढली. कडेवर काळा अर्धगोल होता. आत बारीक बारीक रेषा.

त्या किंचाळल्या. अहो, अजून माझ्या अंगावर काटा येतो.

आता बबनकाकांची खोड सांगायला हवी. जुन्या बाइंडरांना चांगला कागद टाकवत नाही. पाठ कापली की जी लांबट कातरण निघते, ती सगळे फेकतात. काका त्यातली जाड कागदाची निवडून ठेवायचे आणि खुणेला म्हणून आम्हाला वाटायचे. मिलानवालीचा कागद तर इतका सुरेख की सगळ्यांनी भांडून घेतला होता. आणि तो माणूस पान कुठे दाबून धरायचा? शिवणीशेजारी. म्हणजे जी बाजू कापली गेली, तिथेच. अंगठ्याचा एक भाग पानावर राहिला, तो आम्ही पुसला. उरलेला कातरणीवर राहिला, आणि त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"काका!" मी ओरडले. "तुमच्या पट्ट्या!"

पुढे काय झालं ते सांगायला मला दहा तोंडं हवीत. सगळ्या बायका उठल्या. ड्रॉवर उपडे झाले, फायली झटकल्या गेल्या. डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखालून एक घडी निघाली. कुणाच्या पर्समधून बसच्या पासाबरोबर एक निघाली. मंगल म्हणाली, "अगं बाई, माझी पोरीच्या गणिताच्या पुस्तकात आहे!" आणि तशीच अनवाणी विश्रांतवाडीच्या चौकाकडे पळाली. रिक्षानं परत आली, पट्टी दोन्ही हातांत धरून, आरतीच्या ताटासारखी. सर इंजिनिअर माणूस, गुडघ्यांवर बसून कपाटाखाली टॉर्च मारत होते. बाई मधोमध बसून एकेक पट्टी टेबलावर लावत होत्या. अर्धे अंगठे, पाव अंगठे, नुसत्या कडा. आपल्याला तो तेलाचा डाग. त्यांना कळत होतं, हा उजवा, हा डावा. एका ठशात आडवी रेघ होती. "पत्र्याने कापलेलं," असं सांगितलं म्हणे. जखमेत हळद भरली होती तिनं.

हळद नव्हे, सर म्हणाले दुसरं काहीतरी, तिकडचं औषध. पण मला त्या क्षणी हळदच ऐकू आली.

सगळ्या नाही मिळाल्या. बऱ्याच मिळाल्या.

शेवटी कल्पनानं तिच्या ड्रॉवरच्या तळातून एक काढली आणि ती देईचना. पाठीमागे धरून उभी. मी म्हटलं, "अगं दे ना!"

"ताई, नाही देता येणार. मी घाण केलीय."

तिच्या हातातून घेतली तर त्यावर बॉलपेनने, अंगठ्याच्या ठशावरूनच, लिहिलेलं होतं: मेथी, साबण, गॅस. घरी जाताना आणायचं सामान.

"मी काढते," कल्पना म्हणाली. "स्कॅन करून द्या, मी काढते. कळणारसुद्धा नाही."

सरांनी सांगितलं. फाबियोंनी सांगितलं. लुचियाबाईंनी पट्टी उन्हाकडे धरून कितीतरी वेळ पाहिली. मग त्या सकाळपासून पहिल्यांदाच हसल्या. दात न दिसणारं, आजीचं हसू. डोकं हलवलं. नाही. काढायचं नाही. आणि कल्पनाचा गाल थोपटला, जरा जोरातच.

पट्ट्या बबनकाकांनी पातळ कागदात गुंडाळून दिल्या. त्यांनी त्या दिवसानंतर कातरण वाटायचं बंद केलं. कंपनीही पुढे फार वर्षं चालली नाही. आमचं काम आता मशीनच करतं म्हणतात, वाकडं सरळ करायला माणूस लागत नाही. नियम तेच असावेत. या विचारानं मला रात्री झोप लागत नाही, असं म्हटलं तर सून पुन्हा हसेल.

काही वर्षांनी माझ्या पत्त्यावर एक जाडजूड पुस्तक आलं. मिलानवालीचा इतिहास. बाई तोवर गेल्या होत्या. फाबियोंनी चिठ्ठीत तेवढंच लिहिलं होतं. मी पुस्तक घेऊन थेट कल्पनाकडे गेले. तिचं आता पोळीभाजीचं दुकान आहे, हात पिठात. पुसून आली. आम्ही पानं उलटत गेलो. कविता पुन्हा घसरगुंडीवर बसलेल्या होत्या. आणि मग तो अंक आला. प्रत्येक पान कोरं, फक्त शिवणीशेजारी बोटभर रुंद पट्टीचं चित्र, आणि त्यात तो माणूस, जेवढा उरला तेवढा. काही पानांवर पट्टीसुद्धा नव्हती. ती पानं मला बघवली नाहीत. मी भराभर उलटली.

शेवटच्या पानावर इटालियन पुस्तकात मराठी अक्षरं: मेथी, साबण, गॅस. खाली फाबियोंनी छोट्या टायपात बरंच काही लिहिलेलं, त्या तीन शब्दांवर.

कल्पना पुस्तकावर वाकली. बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल. इतक्या वर्षांनी का होईना.

"काय हो ताई," ती म्हणाली, "एवढं छापायचं होतं, तर माझं अक्षर तरी जरा साफ करून घ्यायला सांगायचं होतं त्यांना."

म्हणाली, आणि स्वतःच दचकून तिनं तोंडावर हात ठेवला.